‘पॅडी’ : एका आयरिश टोपणनांवाची कथा

इंग्रजी पुस्तकें वाचतांना ‘पॅडी’ हा शब्द तुमच्या दृष्टीस पडला असेल. भाताच्या पिकास इंग्रजींत जो ‘पॅडी’ शब्द लावितात, त्याच्याशीं ह्याचा कांहीं एक संबंध नाहीं. तो मलायी भाषेंतून आलेला आहे. येथें विचार करावयाचा तो आयरिश मनुष्यास लाविल्या जाणाऱ्या टोपणनांवाचा.

‘पॅडी’ हें ‘पॅट्रिक’ ह्या नांवाचें लघुरूप होय. मूळ लॅटिन शब्द ‘पॅट्रिसियस’. त्याचा अर्थ कुलीन. आयरिश भाषेंत त्याचें ‘पाड्रिग’ असें रूप झालें. इंग्रजी नांवांत ‘ट’ असतां लघुरूपांत ‘ड’ कोठून आला, ह्याचा उलगडा येथेंच होतो.

हें नांव आयर्लंडांत पूज्य झालें तें संत पॅट्रिक ह्यांच्यामुळें. ते पांचव्या शतकांत होऊन गेले. त्यांचा जन्म रोमन ब्रिटनमधला. सोळा वर्षांचे असतां चांच्यांनीं त्यांस धरून आयर्लंडांत नेलें, व तेथें सहा वर्षें त्यांनीं गुलामगिरींत गुरें राखिलीं. पुढें ते निसटले. परंतु ज्या देशानें दास केलें, त्याच देशांत ते उपदेशक होऊन परत गेले. त्यांच्याविषयीं आदर इतका, कीं कित्येक शतकें लोक आपल्या मुलांस हें नांव सरळ ठेवीत नसत. ‘गिला फाड्रिग’ म्हणजे ‘पॅट्रिकचा दास’ असें ठेवीत. आपल्याकडील रामदास, विष्णुदास हीं नांवें ह्याच जातीचीं. ‘फिट्झपॅट्रिक’ हें आडनांव त्यांतूनच निघालें. सतराव्या शतकानंतर मात्र पॅट्रिक नांवाचीं मुलें घरोघर दिसूं लागलीं, आणि घरोघर ‘पॅडी’ झाला.

अठराव्या शतकांत इंग्रज लोक वाटेल त्या आयरिश माणसास ‘पॅडी’ म्हणूं लागले. १८४५ सालीं बटाट्याचें पीक कुजून भयंकर दुष्काळ पडला. १८५२ पर्यंत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व तितकींच किंवा अधिक देशांतरास गेलीं. इंग्लंड-अमेरिकेंत मोलमजुरी करणाऱ्या ह्या गरिबांस व्यंगचित्रकारांनीं दारुडे व भांडखोर म्हणून रंगविलें. इंग्रजींत रागाच्या झटक्यासही ‘पॅडी’ म्हणूं लागले. अमेरिकेंत कैद्यांस नेण्याच्या पोलिसांच्या गाडीसही तेंच नांव चिकटलें. कुलीनाचें नांव असें हिणकस झालें!

तरीही आयरिश लोकांनीं तें टाकिलें नाहीं. मित्रामित्रांत तें आजही प्रेमाचें आहे. १९४१ सालीं दिल्लींत जन्मलेले व उत्तर आयर्लंडांत वाढलेले जेरेमी अ‍ॅशडाउन ह्यांस इंग्लंडांतील शाळासोबत्यांनीं त्यांच्या उच्चारांवरून ‘पॅडी’ म्हणून चिडविलें. त्यांनीं तें नांव जन्मभर मिरविलें, आणि ‘पॅडी अ‍ॅशडाउन’ ह्याच नांवानें १९८८ ते १९९९ पर्यंत ब्रिटनमधील एका पक्षाचे ते पुढारी होते. पण प्रत्येक मुलाच्या अंगीं इतकें धैर्य असतेंच असें नाहीं.

शब्द एकच, तो गोड कीं कडू, हें बोलणाऱ्याच्या मनावर ठरतें. पांडुरंगाचा ‘पांडू’ आईच्या तोंडीं किती गोड लागतो! तोच शब्द रस्त्यांत एखाद्या पोलीस शिपायास उद्देशून कोणी उच्चारला, म्हणजे तो त्यास बोंचतो. ह्यास्तव सोबत्यास टोपणनांव देण्यापूर्वीं, त्यास तें ऐकून हंसूं येईल कीं रडूं, ह्याचा क्षणभर विचार करावा. पालकांनींही घरीं ह्याकडे लक्ष पुरवावें. कारण अशीं नांवें मुलें बहुधा वडिलांच्या तोंडूनच शिकतात.