नाव सोनुबाई, वॉट किती?

संगणकाच्या बाजारात हल्ली भाजीबाजारासारखी एक परिभाषा तयार झाली आहे. गिऱ्हाईक 'साठ' म्हणतं, दुकानदार 'सत्तर' पुढे करतो आणि कुणी 'नव्वद'चं नुसतं नाव काढलं, तरी आसपासची पोरं माना वळवून बघतात. हे साठ, सत्तर, नव्वद म्हणजे रुपये नव्हेत आणि परीक्षेतले टक्केही नव्हेत. खेळांसाठी म्हणून बनवलेल्या मोठ्या लॅपटॉपमध्ये चित्रं रंगवायला जो वेगळा मेंदू बसवलेला असतो, त्या ग्राफिक्स कार्डाच्या नावातले हे शेवटचे दोन आकडे. आरटीएक्स ४०६०, ४०७०, ४०९०. आणि २०२५ पासून ५०६०, ५०७०, ५०९०. आकडा जितका मोठा तितकं कार्ड थोर, हे गणित नववी-दहावीतल्या मुलांना तोंडपाठ असतं. त्यांच्या आईवडिलांना ते पैसे मोजताना पाठ होतं.

मी स्वतः वीज-अभियंता. नोकरीची सगळी वर्षं ट्रान्सफॉर्मर आणि पंपांच्या मोटारी यांच्या संगतीत गेली. त्यामुळे कुठलंही यंत्र समोर आलं की त्याच्या नावाआधी 'हे वीज किती खातं' हा प्रश्न माझ्या तोंडून जातो. घरात या सवयीची यथेच्छ थट्टा होते. पण लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाची निवड करताना नेमका हाच प्रश्न विचारायचा असतो आणि नेमका हाच कुणी विचारत नाही.

आधी हे कार्ड करतं काय ते पाहू. लॅपटॉपचा साधारण पडदा आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, म्हणजे २० लाख ७३ हजार ठिपक्यांचा. खेळ डोळ्यांना सलग वाटायला हवा, तर सेकंदाला निदान साठ चित्रं हवीत. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग ठरवायचा! संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण तो लग्नघरातल्या आचाऱ्यासारखा. अवघड पदार्थ त्यानंच करावा. हजार पानांची पंगत वाढायला मात्र आचारी कामाचा नाही; तिथं प्रत्येक पानावर चमचाभर चटणी ठेवत धावणारे शेकडो वाढपीच लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे अशा वाढप्यांची फौज. त्यांना 'कोअर' म्हणतात आणि एका कार्डात ते हजारोंनी असतात. पत्रं लिहायला, बँकेचे व्यवहार करायला, चित्रपट पाहायला ही फौज लागत नाही. प्रोसेसरच्या पोटात असलेली चार माणसं पुरतात.

आता नावाची गोष्ट. एनव्हिडिया ही अमेरिकी कंपनी १९९३ साली निघाली आणि 'जीफोर्स' हे तिचं नाव १९९९ पासून बाजारात आहे. लॅपटॉपसाठीच्या तिच्या कार्डांना पूर्वी 'एम' हे अक्षर जोडलेलं असे. '९८० एम' वगैरे. एम म्हणजे मोबाइल, अर्थात हिंडतं-फिरतं. ते अक्षर दिसलं की गिऱ्हाईक समजून जाई, की टेबलावरच्या संगणकातलं ९८० निराळं आणि हे निराळं. २०१६ साली कंपनीनं ते अक्षर काढून टाकलं. त्या वर्षी ते शोभूनही दिसलं, कारण लॅपटॉपमधल्या १०८० मध्ये टेबलावरच्या १०८० इतकेच, म्हणजे २,५६० कोअर होते. त्याच जोरावर २०१७ मध्ये एका तैवानी कंपनीनं २१ इंची वक्र पडद्याचा, दोन-दोन १०८० बसवलेला, साडेआठ किलोंच्या घरातला लॅपटॉप विकायला काढला होता. तो मांडीवर घेणाऱ्याच्या मांड्यांची चौकशी कुणी केली नाही. असो.

पुढे मात्र टेबलावरची कार्डं राक्षसासारखी वाढली आणि लॅपटॉपची खोकी होती तेवढीच राहिली. २०२२ मध्ये टेबलावरचं ४०९० आलं: १६,३८४ कोअर, २४ जीबी स्मृती, ४५० वॉट वीज. दुसऱ्या वर्षी त्याच आकड्याचं लॅपटॉपचं कार्ड आलं: ९,७२८ कोअर, १६ जीबी, आणि वीज ८० ते १५० वॉट. चिपच वेगळी! खरं तर ती टेबलावरच्या ४०८० च्या घराण्यातली. २०२५ मध्ये ५०९० नं हीच रीत पुढे चालवली. टेबलावर २१,७६० कोअर, लॅपटॉपमध्ये १०,४९६. अधिकृत नावात 'लॅपटॉप जीपीयू' असं शेपूट असतं, हे न्यायानं सांगायला हवं. पण जाहिरातीतून आणि दुकानातल्या पाटीवरून ते हटकून गळतं. गंमत अशी, की खालच्या पायरीवर अंतर उरत नाही. दोन्हीकडच्या ४०६० मध्ये कोअर ३,०७२ आणि स्मृती ८ जीबी. म्हणजे नावाची फुगवट वर चढावं तशी वाढते आणि तिथंच गिऱ्हाईक सगळ्यांत जास्त पैसे मोजतं.

पण मला खरी गोम वाटते ती 'ते' या छोट्या शब्दात. ८० 'ते' १५० वॉट. लॅपटॉपचं ४०६० आणि ४०७० तर ३५ 'ते' ११५ वॉट! किती वीज द्यायची ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो. खोकं सडपातळ असेल तर उष्णता बाहेर काढायला जागा नसते, मग तो कार्डाला अर्धपोटी ठेवतो. सतरा-अठरा इंची जाडजूड लॅपटॉपमध्ये मोठे पंखे, तांब्याच्या नळ्या, ऐसपैस जाळ्या बसतात आणि त्याच नावाचं कार्ड तिथं पोटभर जेवतं. शिवाय प्रोसेसरच्या वाटणीचे १५-२५ वॉट गरज पडली की कार्डाकडे वळवायची सोय असते, त्यामुळे ११५ चे १४० होतात. नाव एक, घर दोन आणि पगारात दुप्पट-तिप्पट फरक.

२०२४ च्या दिवाळीत अकोल्याहून ताईचा फोन आला. "अरे, तू जरा बघ बाई त्याचं. दीड लाख म्हणतोय!" भाचा पुण्याला इंजिनिअरिंगला. लॅपटॉप त्याला 'थ्रीडी मॉडेलिंग'साठी हवा होता. ते मॉडेल रात्री बारानंतर बंदुका घेऊन धावतं, हे ताईला ठाऊक नव्हतं असं समजू नका. भाऊजींची एक आवर्ती ठेव त्या महिन्यात पिकत होती आणि खरं म्हणजे ती घराच्या गच्चीच्या गळतीसाठी राखलेली होती. भाच्याला घेऊन मी मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलो. एका दुकानात दोन यंत्रं समोर आली. एक सुंदर, सडपातळ, ४०७० वालं. दुसरं सतरा इंची, काळं, जुन्या ब्रीफकेससारखं, ४०६० वालं आणि पंचवीस हजारांनी स्वस्त. दुकानदार आणि भाचा दोघांचंही एकमत झालेलं होतं.

मी म्हटलं, आधी एनव्हिडियाचं कंट्रोल पॅनेल उघडा. त्यात 'सिस्टिम इन्फर्मेशन' नावाचा एक कोपरा असतो आणि तिथं कार्डाची कमाल वीज लिहिलेली असते. सडपातळ यंत्रात आकडा निघाला ८०. काळ्या ब्रीफकेसमध्ये १४०. मग भाच्यानं दोन्हींवर एकच खेळ, एकाच मांडणीत चालवून पाहिला. चित्रांचा आकडा इकडे थोडा पुढे, तिकडे थोडा मागे, असं चाललं होतं. "मामा, मग हे पंचवीस हजार कशाचे?" असं त्यानंच विचारलं. मी गच्चीचं नाव काढलं नाही.

आता लगेच 'वॉट जास्त तेच घ्या' असंही नाही हं! चिपचा वेग वाढवायचा तर तिला विजेचा दाबही वाढवून द्यावा लागतो, आणि खर्च त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून ५० चे ८० वॉट केले तर खेळात ते चांगलेच जाणवतात. ११५ चे १४० केले तर जेमतेम. शेवटचे वॉट उसाच्या चोथ्यासारखे असतात, कितीही पिळा, रस थोडाच. आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. पूर्ण भारात या लॅपटॉपचे पंखे असे घोंगावतात की शेजारच्या खाटेवरचा सोबती उशी फेकून मारतो. वसतिगृहात राहणाऱ्यांनी याचा विचार आधीच करावा.

वॉटनंतर पाहायची ती कार्डाची स्वतःची स्मृती. खेळातल्या भिंती, झाडं, चेहरे यांचे पोत तिथं ठेवलेले असतात. ती भरली की चित्र मंदावत नाही, अडखळतं, आणि ते जास्त चीड आणतं. गेल्या काही वर्षांतले मोठे खेळ सगळं वैभव चालू करून खेळायचे, तर ८ जीबी अपुरी पडू लागली आहे. तरीही २०२५ मध्ये आलेलं लॅपटॉपचं ५०७० आठच जीबीचं होतं, ५०६० सारखंच. बारा जीबीसाठी '५०७० टीआय' पर्यंत चढावं लागे. अशा वेळी मधल्या पायरीवर पैसे घालण्यात मला अर्थ दिसत नाही. एकतर खाली थांबावं, नाहीतर एकदम वर जावं. एएमडीनंही २०२३ मध्ये १६ जीबीचं 'रेडिऑन ७९०० एम' आणून चुरस दाखवली होती, पण मोठ्या लॅपटॉपच्या या प्रांतात तिचा वावर विरळच राहिला.

जाहिरातीतल्या आकड्यांविषयीही थोडं सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या मेळाव्यात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी नवं ५०७० हे जुन्या ४०९० च्या तोडीचं असल्याचं व्यासपीठावरून सांगितलं. ती तोड होती मधल्या चित्रांच्या हिशेबावर. कार्ड एक चित्र खरं काढतं आणि पुढची दोन-तीन अंदाजानं भरतं. डोळ्यांना हालचाल गुळगुळीत दिसते, नाही असं नाही. पण बटण दाबल्यावर खेळ किती झटकन प्रतिसाद देतो, हे खऱ्या चित्रांवरच ठरतं. दुकानात वेग दाखवत असतील, तर ही भरती बंद करून दाखवा असं बेलाशक म्हणावं.

आणखी एक भ्रम बॅटरीचा. विमानात परवानगीशिवाय नेता येणारी बॅटरी १०० वॉट-तासांची; म्हणून मोठमोठे लॅपटॉपही ९९ च्या आसपास थांबतात. कार्ड आणि प्रोसेसर मिळून दोनशे वॉट ओढू लागले तर ती किती टिकेल? अर्धा तास. म्हणून प्लग काढला की कार्ड आपणहून वीज आवरतं आणि खेळ मलूल होतो. म्हणजे खेळायचं ते भिंतीशेजारी बसूनच. यंत्र तीन-साडेतीन किलोंचं, वर अडॅप्टरची वीट. ज्याला ते घरातल्या एकाच टेबलावरून हलवायचं नाही, त्यानं त्याच पैशांत टेबलावरचा संगणकच घ्यावा, हे माझं स्पष्ट मत. त्यातलं कार्ड उद्या काढून बदलता येतं. लॅपटॉपमधल्याला आपण कार्ड म्हणतो खरं, पण ती बहुतेक ठिकाणी मदरबोर्डावर डाख लावून कायमची बसवलेली चिप असते. आज जी घेतली, तिच्याशीच चार-पाच वर्षं संसार.

त्या संसारात आपल्या हवेचाही वाटा असतो. लॅपटॉपमधलं कार्ड साधारण ८७ अंश सेल्सिअसला पोचलं की स्वतःचा वेग कमी करतं. वातानुकूलित दुकानात २४ अंशांत झकास चाललेलं यंत्र अकोल्याच्या मे महिन्यात ४४ अंशांची हवा आत ओढतं, म्हणजे वीस अंशांची सवलत तिथंच गेली. यावर उपाय साधे आहेत. गादीवर किंवा चादरीवर ठेवून खेळू नये, मागची बाजू दोन बोटं उचललेली असावी, आणि पंख्यांच्या जाळीतली धूळ जाणत्या माणसाकडून वर्षातून एकदा, शक्यतो होळीच्या आधी, काढून घ्यावी.