व्हायोलिनची मशागत

शिरोली औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या गावांत मुलगा दहावी झाला, की घरात बोलणे निघते ते आय.टी.आय.चे, नाहीतर फौंड्रीतल्या नोकरीचे. ते योग्यच आहे. परंतु वाद्य वाजवणे हाही पोटापाण्याचा उद्योग होऊ शकतो, हे पुष्कळांना पटत नाही. म्हणून ही हकीकत.

व्हायोलिन म्हटले, की गवयाच्या साथीला बसलेला एकटा कलावंत आपल्या डोळ्यांपुढे येतो. वाद्यवृंदातील वादकाचे काम निराळे. तेथे अनेक जण ओळीने बसतात आणि कागदावर लिहिलेले स्वर वाचून एकदिलाने वाजवतात. सर्वांचे गज बरोबरच वर जातात, बरोबरच खाली येतात. पाभरीचे एक नळे तुंबले तर शेतात मोकळी ओळ दिसते, तसा एकाचा चुकलेला स्वर सर्वांना ऐकू येतो.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) अशाच वातावरणात वाढले. त्यांचे वडील चर्चमधील गायकवृंद सांभाळीत. १९४३ च्या सुमारास ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले. पुढे त्यांनी वाद्यमेळ रचला, शिष्य तयार केले. त्यांचे शिष्य प्यारेलाल आठव्या वर्षापासून व्हायोलिन शिकत होते. रोज आठ ते बारा तास सराव चाले. घरच्या अडचणीमुळे बाराव्या वर्षीच त्यांना स्टुडिओत वाजवून कमवावे लागले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील प्रसिद्ध गाण्यात गुरूचे नाव आले, ते याच शिष्यामुळे.

त्या काळी गायक आणि सारी वाद्ये एकदमच ध्वनिमुद्रित होत. शेवटच्या ओळीत एकाची चूक झाली, तरी सर्वांना गाणे पुन्हा पहिल्यापासून! म्हणून स्वर झटकन वाचणाऱ्या गोवेकर वादकांना मोठी मागणी असे.

शिक्षणाचे म्हणाल, तर सुरुवात लहानपणी झालेली बरी. मुलांच्या हाताला बेतशीर अशी लहान व्हायोलिने मिळतात. या वाद्याला पडदे नसतात. बोट कोठे टेकवायचे ते कानानेच ठरवावे लागते. गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात आणि त्यांना चीड वृक्षाच्या डिंकापासून केलेली राळ घासतात. हात तयार होण्यास वर्षे जातात. बाग लावणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. परदेशी वाद्यवृंदांत निवड करताना पुष्कळदा उमेदवाराला पडद्याआड वाजवायला लावतात. तेथे नाव-गाव विचारीत नाहीत, कान तेवढा निवाडा करतो.

दुसरी बाजूही पाहावी. १९८० नंतर विजेवरची वाद्ये आली. एकच यंत्र अनेक व्हायोलिनांसारखा आवाज काढू लागले आणि स्टुडिओतील अनेकांचे काम गेले. उलट, २००६ साली मुंबईत एन.सी.पी.ए.मध्ये ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा राहिला, तेव्हा तयार भारतीय वादक पुरेसे नसल्याने परदेशांतून अनेक वादक आणावे लागले. जागा होत्या, पण मशागत झालेली नव्हती.

तेव्हा मातापित्यांनो, मुलाचा वा मुलीचा कान चांगला असेल तर हसण्यावारी नेऊ नका. जाणत्या शिक्षकाकडे पाठवा आणि सरावाची वेळ राखून द्या. मात्र शाळा सोडू देऊ नका. एकाच पिकावर सारे शिवार अवलंबून ठेवू नये, हा आपला नियम येथेही लागू आहे.