काळी माती आणि गाडीतला गालिचा

पावसाळ्यात पुसदहून माहूरला किंवा उमरखेडकडे जाऊन आलेल्या घरच्या गाडीचे दार उघडून तळाशी पाहावे. रबरी मॅटवर चिखलाचे ठसे असतातच, पण मॅटच्या कडेने, पेडलच्या आसपास आणि मागच्या सीटखाली जो गालिचा पसरलेला असतो त्यातही काळी माती घट्ट बसलेली दिसते. रविवारी घरातले कोणीतरी बादलीभर पाणी, मूठभर धुण्याची पावडर आणि कपडे घासायचा ब्रश घेऊन कामाला लागते. फेस भरपूर होतो, पाणी काळे निघते, सगळ्यांना समाधान वाटते. दोन दिवसांनी मात्र डाग पुन्हा त्याच जागी उमटतो आणि आठवड्याभरात गाडीत कुबट वास येऊ लागतो. साबण हलका होता, असा निष्कर्ष काढून पुढच्या खेपेला मूठभर पावडर आणखी टाकली जाते. यात दोष साबणाचा नाही, क्रमाचा आहे. तो समजण्यासाठी आधी आपल्या पायाखालच्या मातीकडे पाहायला हवे.

पुसदच्या परिसरातली काळी माती ही बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली. दख्खनच्या पठारावर हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरला. या मातीत चिकणमातीचे, म्हणजे २ मायक्रोमीटरहून बारीक कणांचे प्रमाण मोठे असते आणि त्यातले मुख्य खनिज आहे माँटमोरिलोनाइट. नाव परके आहे, फ्रान्समधल्या एका गावावरून पडलेले. पण वस्तू आपल्या शेतातली आहे. या खनिजाचे कण पापडांच्या चळतीसारखे असतात. प्रत्येक पापड जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचा, आणि दोन पापडांमधली पकड ढिली. पाणी मिळाले की ते या फटींत शिरते व चळत फुगते. पाणी गेले की ती आक्रसते. उन्हाळ्यात शेताला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. शुद्ध माँटमोरिलोनाइटच्या एका ग्रॅममधले सगळे पापड सुटे करून पसरता आले, तर त्यांचे क्षेत्रफळ ७०० ते ८०० चौरस मीटर, म्हणजे पुरुषांच्या कबड्डीच्या पाच-सहा मैदानांइतके भरेल. एवढ्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला पाण्याचे रेणू, कॅल्शियम, सोडियम, तेलकट पदार्थ असे बरेच काही चिकटते.

आता गालिच्याचा धागा पाहू. गाडीतला गालिचा बहुधा नायलॉन, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. धाग्याची जाडी साधारण २० ते ५० मायक्रोमीटर. म्हणजे आपला मातीचा कण धाग्याच्या मानाने इतका बारीक की धाग्यावरच्या ओरखड्यातही तो दडून बसतो. गालिच्याखाली आवाज व उष्णता अडवण्यासाठी नमद्याचा किंवा फोमचा थर असतो आणि त्याखाली लोखंडी पत्रा. हा खालचा थर डोळ्यांना दिसत नाही. गाडी धुताना त्याचाच विसर पडतो.

शेतकऱ्याला या मातीचा स्वभाव चांगला ठाऊक असतो. पाऊस पडल्यावर तो लगेच औत घालत नाही, वापसा येण्याची वाट पाहतो. ओल्या काळ्या रानात पाय टाकला तर प्रत्येक पावलाला चप्पल जड होत जाते. वापसा आला की तीच माती ढेकळांनी सुटते. आल्बर्ट ॲटरबर्ग या स्वीडिश रसायनतज्ज्ञाने १९११ साली मातीच्या या अवस्थांना मोजमापाचे रूप दिले. पाणी खूप असेल तर माती वाहते, त्याहून कमी असेल तर ती लोण्यासारखी दाबता येते, आणखी कमी झाले की ठिसूळ होते. चिकटपणाचा त्रास मधल्या अवस्थेत. स्थापत्य अभियंते आजही या मर्यादा त्याच्याच नावाने ओळखतात.

गालिच्यावरचा ताजा चिखल नेमका या मधल्या अवस्थेत असतो. अशा वेळी ब्रश फिरवणे म्हणजे माती धाग्यांत सारवणे होय. त्याऐवजी तो पूर्ण वाळू द्यावा. काळी माती वाळताना आक्रसते, तिच्या खपलीला भेगा पडतात आणि ती धाग्याला सोडू लागते. जो गुण शेताला भेगा पाडतो तोच येथे आपल्या उपयोगी पडतो. मग खपल्या बोथट चमच्याने उचलाव्यात, गालिचा उलट्या बाजूने झटकता येत असेल तर झटकावा, नसेल तर कोरड्या ब्रशने धागे उभे करीत माती वर आणावी आणि ती ओढून घ्यावी.

ओढून घेण्यासाठी व्हॅक्यूम क्लीनर उत्तम. त्याची कल्पनाही गंमतशीर रीतीने सुचली. धूळ साफ करण्याचे यंत्र म्हणून हवेचा जोरदार झोत सोडणारे एक यंत्र लंडनमध्ये दाखवण्यात आले होते. ते पाहून ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याला प्रश्न पडला, की धूळ उडवण्यापेक्षा ओढून का घेऊ नये? त्याने खुर्चीच्या गादीवर हातरुमाल ठेवून तोंडाने हवा ओढली. रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला. १९०१ साली त्याने आपले यंत्र तयार केले. वर्गात हा प्रयोग तोंडाने करू नये. रुमाल व्हॅक्यूमच्या नळीला बांधला तरी तेच दिसते. यंत्र नसेल तर ब्रश, झाडणी आणि धीर यांवरही बरेच काम होते. आमच्या मते गाडी साफ करण्यातला निम्म्याहून अधिक वेळ या कोरड्या कामाला द्यावा. पाण्याला हात न लावता जेवढी माती निघेल तेवढा पुढचा त्रास वाचतो.

आता परत उमटणाऱ्या डागाचे कोडे सोडवू. बादलीभर पाणी ओतले की कोरडी माती पुन्हा विरघळल्यासारखी होऊन पाण्याबरोबर खालच्या थरात उतरते. वरून गालिचा स्वच्छ दिसतो. पण वाळण्याची क्रिया धाग्यांच्या टोकांशी होते, कारण हवा तेथे लागते. टोकाचे पाणी उडाले की खालचे पाणी केशाकर्षणाने वर चढते, समईच्या वातीतून तेल चढावे तसे. येताना ते बारीक माती आणि शिल्लक साबण घेऊन येते. पाणी उडून जाते, माती टोकाशी राहते. यावर उपायही वातीचाच आहे. धुतल्यावर जागेवर जाड, कोरडे सुती कापड घडी करून ठेवावे आणि त्यावर वजन द्यावे. बाष्पीभवन आता कापडाच्या वरच्या बाजूला होते व डाग कापडावर उमटतो.

साबणाचे काम काय, हे पाठ्यपुस्तकात असतेच: रेणूचे एक टोक पाण्याकडे, दुसरे तेलाकडे ओढ घेणारे. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. अपमार्जक घातल्यावर तो ३० च्या आसपास उतरतो आणि पाणी धाग्यांच्या फटींत शिरते. पण एका मर्यादेनंतर अधिक पावडर घातल्याने पृष्ठताण आणखी उतरत नाही. जादा पावडर धाग्यांवर चिकट थर होऊन राहते आणि पुढच्या धुळीला आमंत्रण देते. लिटरभर पाण्याला एक सपाट चहाचा चमचा पुरे. ओतण्याऐवजी कापड बुडवून, पिळून टिपावे. मग दोनदा साध्या पाण्याने टिपून साबण काढावा. बोअरचे पाणी दुष्फेन असेल तर अंगाचा साबण अजिबात वापरू नये. त्याचा कॅल्शियमबरोबर चोथा बनतो आणि तोही गालिच्यातच राहतो.

तेलकट डाग आणि मातीचा डाग यांत मात्र एक फरक आहे आणि तो वर्गात सहज दाखवता येतो. तीन काचेच्या पेल्यांत पावसाचे किंवा शुद्ध केलेले पाणी घ्यावे. प्रत्येकात चिमूटभर बारीक चाळलेली काळी माती ढवळावी. पहिल्यात काहीच घालू नये, दुसऱ्यात तुरटीची पूड, तिसऱ्यात चिमूटभर धुण्याचा सोडा. तुरटीच्या पेल्यात थोड्याच वेळात गठ्ठे होऊन माती तळाशी बसते. सोड्याच्या पेल्यातले पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसते. २ मायक्रोमीटरचा सुटा कण पाण्यात १० सेंटिमीटर खाली जायला सुमारे ८ तास घेतो. त्याहून बारीक कण तर दिवसेंदिवस तरंगतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर तीन धन भार असतात, ते कणांना जवळ आणतात. सोड्यातले सोडियम एकच भार घेऊन येते, कणांना ढिलेच धरते, त्यामुळे ऋणभारित कण एकमेकांना दूर लोटत राहतात.

ज्या शेतात सोडियम वाढते ती जमीन चोपण होते, पाणी झिरपू देत नाही, आणि ती सुधारण्यासाठी जिप्सम टाकतात, म्हणजे सोडियमच्या जागी कॅल्शियम आणतात. शेतात नको असलेली गोष्ट गालिच्यावर हवीशी होते: माती सुटी होऊन पाण्यात तरंगत राहिली पाहिजे, पुन्हा धाग्यावर बसता कामा नये. धुण्याच्या पावडरीत सोडा याच कामासाठीही असतो. तो वेगळा घालण्याची गरज नाही. पूस नदीचे पावसाळी पाणी दिवसचे दिवस गढूळ राहते तेही कणांच्या याच बारीकपणामुळे. ही माती पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करून बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. तेथे समुद्राचे मीठ तुरटीचे काम करते आणि ती बसते.

तेलाच्या डागाला मातीच औषध आहे. मुलतानी माती ही याच खनिजाच्या कुळातली. युरोपात लोकर धुणारे कारागीर शतकानुशतके अशीच माती वापरून लोकरीतला मेणचटपणा काढीत. सांडलेल्या तेलावर मुलतानी मातीची कोरडी पूड टाकून रात्रभर ठेवावी आणि सकाळी ओढून घ्यावी. दूध सांडले तर गरम पाणी वापरू नये, प्रथिने गोठून धाग्याला धरतात. गार पाण्याने टिपावे. दुधाचा आंबूस वास बराचसा ब्युटिरिक आम्लाचा असतो, खाण्याच्या सोड्याने त्याचे क्षार बनते व वास मंदावतो. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. त्याने घाबरू नये, हळद हा आम्ल-अल्कलीचा दर्शकच आहे. ऊन लागले की तो रंग हळूहळू फिका पडतो.

या भागात आणखी एका डागाचा विचार करावा लागतो. कापसावरच्या फवारणीचे डबे अनेकदा घरच्याच गाडीतून शेतावर जातात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. उघड्यावर पडलेले औषध ऊन, पाऊस आणि जिवाणू हळूहळू मोडतात. गालिच्याच्या सावलीत ते कितीतरी जास्त काळ टिकते, आणि त्याच गालिच्यावर लहान मुले खाली पडलेले बिस्किट उचलून खातात. असा डाग घासू नये. दारे उघडी ठेवावीत, मुलांना दूर ठेवावे, रबरी हातमोजे घालून कोरडी माती टाकून द्रव शोषून घ्यावा, आणि डब्यातले मूळ औषध सांडले असेल तर तेवढा गालिचा खालच्या थरासकट कापून टाकावा. ती माती व तो तुकडा विहिरीपासून, जनावरांपासून दूर न्यावा; नदीत तर टाकूच नये. नवा तुकडा बसवण्याचा खर्च येथे मोजू नये. डबे गाडीत ठेवायचेच असतील तर झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत, डिकीमध्ये.

पेट्रोलने डाग पुसण्याची एक जुनी सवय आहे, तिच्याविषयी स्पष्टच लिहितो. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने गाडीच्या तळाशी साचते आणि कृत्रिम धागा घासताना स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. तसेच ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो हवेच्या सुमारे अडीचपट जड. तळाशी वाकून घासणाऱ्याच्या नाकाशीच तो जमतो. ब्लीचने नायलॉनही खराब होते, तेव्हा ते गाडीत नकोच.

शेवटी वाळवणे. ओला गालिचा एक-दोन दिवसांत वाळला नाही तर बुरशी धरते. कुबट वास तिचाच. तिच्या बीजाणूंनी दमेकरी मुलांना त्रास होतो आणि खाली पत्रा गंजतो. काचा बंद करून गाडी उन्हात ठेवली तर आतली हवा तापते खरी, पण पाण्याची वाफ बाहेर जायला वाट नसते. रात्री तीच वाफ पुन्हा काचांवर व गालिच्यावर उतरते. चारही दारे उघडून वारा खेळू द्यावा, गालिच्याची कड उचलून खाली लाकडी ठोकळा ठेवावा, पंखा लावता आला तर लावावा. सीटखाली पिवळ्या वेष्टनाच्या तारा दिसल्या तर त्या ओढू नयेत, त्या एअरबॅगच्या असतात. कोणी काही सांडले नसताना पुढचा गालिचा ओला लागत असेल तर एअर कंडिशनरच्या पाण्याची नळी तुंबली आहे का, किंवा दाराचे रबर फाटले आहे का, ते पाहावे.

मॅट परत टाकताना ती पूर्ण कोरडी असावी आणि चालकाच्या बाजूची मॅट खालच्या आकड्यात अडकली आहे याची हाताने ओढून खात्री करावी. सुटलेली मॅट पुढे सरकून ॲक्सिलरेटरच्या पेडलमध्ये अडकू शकते. अमेरिकेत २००९ साली याच कारणासाठी लक्षावधी गाड्यांच्या मालकांना मॅट काढून टाकण्याची सूचना द्यावी लागली होती. एकावर एक दोन मॅट टाकण्याची आपल्याकडची पद्धतही त्यासाठीच टाळावी.