टायरलाही जन्मतारीख असते

बियाण्याची पिशवी फोडण्यापूर्वी आपण तिच्यावरची मुदत पाहता. मग मोटारीचा टायर घेताना तारीख का पाहू नये? गावोगाव बियाण्याची तारीख पाहा म्हणून सांगत फिरणाऱ्या मी स्वतःच ती पाहिली नव्हती! स्वस्तात मिळाले म्हणून दोन टायर घेतले. नक्षी कोरी करकरीत. पहिल्याच उन्हाळ्यात, लग्नाहून परतताना, गाडीत घरची पाच माणसे असताना एक फुटला. गाडी बांधाला टेकून थांबली म्हणून निभावले. नंतर पाहतो तर टायर सात वर्षांचा! रबर न वापरताही वाळते, त्याला बारीक भेगा पडतात.

टायरच्या कडेवरील अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालच्या २३व्या आठवड्यातील माल. हे आकडे बहुधा एकाच बाजूस असतात, म्हणून टायर उलटून पाहावा.

माप गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच घ्यावे. १६५/८० आर १४ ८५ टी यात १६५ मिलिमीटर ही रुंदी आणि १४ इंच ही रिमची मापे. ८५ हा वजनाचा आकडा आहे, म्हणजे एका टायरवर ५१५ किलोपर्यंत भार. मागे खताच्या गोण्या टाकणाऱ्यांनी याहून कमी आकड्याचा टायर मुळीच घेऊ नये.

दोनच नवे घेतले तर दुकानदार ते पुढे बसवू लागतो. आपण मागे बसवायला सांगावे. पावसात पुढची चाके घसरली तर गाडी सरळ ओढली जाते. वेग कमी केला की बहुधा पुन्हा स्टिअरिंगला ऐकते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते, मग भल्याभल्यांच्या हाती राहत नाही. अर्थात पुढे जाणारे जुनेही गुळगुळीत नसावेत. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की तो टायर काढावा.

कडेवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरण्याच्या दिशेने यावा. व्हॉल्व्ह नवा घालावा, बॅलन्सिंग करून घ्यावे. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. हवा गाडी थंड असताना, दारावरच्या पट्टीवर लिहिली असेल तेवढीच भरावी.

जाता जाता स्टेपनीचीही तारीख पाहा. माझी गाडीबरोबर आलेली, अकरा वर्षांची निघाली.