दवाखान्यात माणसं नेमतात कशी?

वस्तीतली मुलगी जीएनएम होते, कौन्सिलची नोंदणी मिळवते आणि खाजगी दवाखान्यात मुलाखतीला जाते. पहिला प्रश्न असतो, "पूर्ण नाव? राहता कुठे?" सलाईन कसं लावतेस, हे नंतर. आम्ही परिचारिकांनी हे पुष्कळदा ऐकलंय.

आडनावाची चाळण लागते, हा आपला नुसता वहीम नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावाचा. २००७ साली निष्कर्ष छापून आला: बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांशच.

झाडू-पोछ्याच्या कामाला मात्र आडनाव कधी आडवं येत नाही!

आरोग्याच्या पानावर हे का? टीबीचं औषध साधारण सहा महिने घ्यावं लागतं. केसपेपरच्या खिडकीवरच हिडीसफिडीस झाली तर पेशंट तिसऱ्या महिन्यात फिरकत नाही. आपली भाषा, आपली गल्ली ओळखणारं माणूस टेबलामागे असेल तर बाळंतीणसुद्धा अंगावरून जातंय हे मोकळेपणी सांगते.

नेमणूक नीट करणं अवघड नाही. नाव-पत्ता झाकून अर्ज तपासावेत. सगळ्यांना तेच प्रश्न विचारावेत, गुण तिथल्या तिथे लिहावेत, समितीत बाई आणि मागासवर्गीय सदस्य असावा. केंद्र सरकारनं तर १ जानेवारी २०१६ पासून गट 'क'च्या पदांसाठी मुलाखतीच बंद केल्या.

आमची खरी काळजी ठेकेदारीची आहे. राज्याच्या सरकारी नोकरभरतीत अनुसूचित जातींना १३ टक्के जागा आहेत आणि कुठली जागा कोणाची हे बिंदुनामावलीवरून ठरतं. पण सफाई, कक्षसेवक, डेटा एंट्री ठेकेदाराकडे गेली की कोणाला घ्यायचं हे तोच ठरवतो. आरक्षण कागदावर तसंच राहतं, जागाच उरत नाही.

म्हणून मुलींनो, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र जाहिरातीची वाट न बघता काढून ठेवा. बौद्धांना केंद्राची सवलत १९९० पासून आहे, पण त्या नोकरीसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो.

आणि जवळच्या सरकारी दवाखान्याची बिंदुनामावली माहिती अधिकारात मागा. किती पदं मंजूर, किती भरली, किती ठेक्यावर, हेही विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालचा दाखला असेल तर तेही माफ.