आधी ब्रेक, मग एंजिन!

विद्यार्थिमित्रांनो, फोर्डची जुनी ‘मॉडेल टी’ मोटार तुमच्या हाती आली आहे, अशी कल्पना करा. १९०८ ते १९२७ या काळात अशा सुमारे दीड कोटी मोटारी तयार झाल्या. एंजिन २.९ लिटरचे, पण शक्ती अवघी २० अश्वशक्ती! सिलिंडरमधील मिश्रण सुमारे एक चतुर्थांश आकारमानापर्यंतच दाबले जाते. सिलिंडरचे झाकण बदलून ते अधिक दाबले, तर तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळेल.

पण थांबा! या मोटारीचा पायाचा ब्रेक चाकांवर नसून गिअरपेटीतील ढोलावर चालतो. मागच्या आसाचा एक दांडा तुटला, की तो निकामी. पुढच्या चाकांना तर ब्रेकच नाहीत. ताशी ६० किलोमीटरचा वेग ७५ केला, तर गतिज ऊर्जा दीडपटीहून जास्त होते आणि थांबायला अंतरही त्याच प्रमाणात अधिक लागते. तेव्हा आधी मागच्या चाकांना चांगले ब्रेक बसवू.

मग जाणकार चालकाला रहदारी नसलेल्या सपाट रस्त्यावर गाडी ताशी ३० वरून ५० किलोमीटरवर न्यायला सांगा व सेकंद मोजा. लगेच उलट दिशेनेही मोजा, कारण वारा आणि न दिसणारा उतार फसवतात! नंतर केवळ झाकण बदलून पुन्हा मोजा. कार्ब्युरेटरही त्याच दिवशी बदललात, तर फरक कशामुळे पडला हे कसे ओळखणार?