काउंटरपलीकडे (लेखांक 6) : ओआरएस घेताना काय विचारायचं?

मे महिन्यात डोंबिवलीतल्या कुठल्याही मेडिकलमध्ये पाच मिनिटं उभं राहिलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘एक इलेक्ट्रॉल द्या, ऑरेंजवालं.’ ओआरएसचं, म्हणजे क्षार-ग्लुकोजच्या भुकटीचं, पाकीट काउंटरवर येतं, गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करून चालू लागतं. कोणासाठी हवंय आणि किती पाण्यात कालवणार, हे ना कोणी विचारत, ना कोणी सांगत.

खरी गफलत पुढे घरी होते. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, लहान 200 मिलिलिटरसाठी. मोठं पाकीट फोडून दोन चमचे पेल्यात टाकायचे आणि उरलेलं रबर लावून फ्रिजच्या दारात ठेवायचं, ही घरोघरची रीत. चमच्यात मीठ किती आलं आणि ग्लुकोज किती, याचा मग काही भरवसा राहत नाही. द्रावण घट्ट झालं तर लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम वाढू शकतं. पातळ झालं तर गेलेले क्षार भरून निघत नाहीत. म्हणून अख्खं पाकीट एकदम, उकळून गार केलेल्या, मोजून घेतलेल्या पाण्यात. उरलेलं द्रावण 24 तासांनंतर ओतून द्यायचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसच्या सूत्रात लिटरमागे 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. यातलं ग्लुकोज चवीसाठी नाही. आतड्यात ते सोडियमला सोबत घेऊन आत शिरतं आणि त्यांच्यामागून पाणी जातं. साखर प्रमाणाबाहेर गेली की गणित उलटतं : पाणी आतड्याकडे ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी याच तत्त्वावरचं मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं.

एवढा इतिहास पाठीशी असलेली ‘ओआरएस’ ही तीन अक्षरं आपल्याकडे बरीच वर्षं गोड पेयांच्या खोक्यांवर मिरवत होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं झुंज दिली. अखेर ऑक्टोबर 2025मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास मनाई केली. तरीही खोका उलटून घटक वाचण्याची सवय सोडू नये.

ठाणे-कल्याण पट्ट्याचं स्वतःचं एक दुखणं आहे. किनाऱ्याजवळची दमट हवा घाम सुकू देत नाही. अंग निथळतं, पण गार होत नाही. म्हणूनच हवामान खातं मैदानी भागात 40 अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, तर किनाऱ्यावर 37पासून. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईतल्या खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उघड्या मैदानावर तासन् तास बसलेल्या लोकांपैकी 14 जण दगावले. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर पारा सुमारे 38 अंशांवर होता. आकडा ऐकून कोणी दचकलं नसतं.

त्यात लोकलचा प्रवास. डोंबिवलीहून सीएसएमटी गाठायला तासाभराहून अधिक वेळ लागतो आणि लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही. कित्येक बायका सकाळपासून मुद्दाम पाणी पीत नाहीत. दुपारी डोकं ठणकतं, लघवी गडद पिवळी होते, आणि मेडिकलमधून घेतली जाते ती डोकेदुखीची गोळी. अंगात पाणी कमी असताना काही वेदनाशामकं मूत्रपिंडावर ताण आणतात, हे तिथे कोणी सांगत नाही. वास्तविक 2015च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कामच आहे.

म्हातारी माणसं तर तहान लागली असं म्हणतच नाहीत. वयाबरोबर ती जाणीवच बोथट होते. त्यातून रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि जुलाब लागले, तर ती चालू ठेवायची की थांबवायची, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर ओआरएससुद्धा विचारूनच. नुसत्या उकाड्यासाठी धडधाकट माणसाला रोज ओआरएसची गरज नाही. पाणी, ताक, कोकम सरबत पुरे.

जुलाब लागलेल्या लहान मुलांचं मात्र वेगळं. दोन वर्षांखालच्या बाळाला दर पातळ शौचानंतर 50 ते 100 मिलिलिटर ओआरएस, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध बंद करू नये. सोबत झिंक किती दिवस द्यायचं, ते डॉक्टरांकडून समजून घ्यावं. जुलाब तडकाफडकी थांबवणारी गोळी मुलांसाठी मागू नये, आणि मागितली तरी केमिस्टने देऊ नये.

टाळू किंवा डोळे खोल गेलेले, रडताना अश्रू नाहीत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते, मूल मलूल पडलंय किंवा शौचात रक्त दिसतंय, तर काउंटरवर वेळ घालवू नये, थेट रुग्णालय गाठावं. अंग तापलेलं आणि माणूस असंबद्ध बोलत असेल, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी तोंडात काही न ओतता सावलीत नेऊन अंग ओलं करावं, वारा घालावा. कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज ही पालिकांची रुग्णालयं आहेत. रुग्णवाहिकेचा क्रमांक 108.